ऊन सोडून बाकी सगळं: नवशिक्यांसाठी जास्वंद

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांनी याआधी पाण्याच्या बाटलीत मनी प्लँट जगवला आहे आणि त्यामुळे ज्यांचा आत्मविश्वास बळावला आहे, त्या सर्वांसाठी. जास्वंद हे नवशिक्यांचं झाड आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. कोकणात ती परसात, गडग्याच्या कडेला, विहिरीपाशी कुणाला न विचारता वाढते, माणसाच्या डोक्यावर जाते आणि बारमाही फुलते. तिथं तिच्यावर कुणी मार्गदर्शिका लिहीत नाही, कारण तिथं तिला कुणी मार्गदर्शन करत नाही. प्रश्न येतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, जिथं झाडाला माया भरपूर आणि ऊन बेताचं मिळतं.

खालच्या पायऱ्या क्रमानं पाळाव्यात. क्रम चुकल्यानं झाडाचं फारसं बिघडत नाही, पण घरात वाद झाला तर बोट ठेवायला परिच्छेद सापडायला हवा.

साहित्य

- ऊन: रोज किमान ५-६ तास, थेट. काचेतून आलेलं, समोरच्या इमारतीवरून परतलेलं आणि ‘आमच्याकडे उजेड खूप असतो’ या जातीचं ऊन हिशेबात धरू नये.
- कुंडी: १२ ते १४ इंची, बुडाला भोक असलेली.
- माती, शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट.
- जास्वंदीचं रोप: १.
- जुना टूथब्रश: १. कशाला, ते पुढे कळेल. कुणाच्या वापरातला घेऊ नये. घेतल्यास सांगू नये.
- सल्ले: आणावे लागत नाहीत.

पायरी पहिली: ऊन मोजा

एक रविवार मोकळा ठेवा. सकाळी सातपासून दर तासाला बाल्कनीत जाऊन फरशीवर जिथं ऊन पडलंय तिथं खडूनं रेघ ओढा. दुपारची झोप मोडावी लागेल. झाडासाठी करायचा हा एकमेव खरा त्याग आहे आणि नेमका तोच कुणी करत नाही. बहुतेक लोक घर घेताना दलालानं काय सांगितलं होतं ते आठवतात आणि तेवढ्यावर रोप आणतात.

मोजायचं तर दोनदा मोजा. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं आणि मन हुरळून जातं. पण पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच), आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच राहतो. त्या दिवसांत वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या बाल्कनीवर छत्री धरून उभा असतो. डिसेंबरच्या भरवशावर आणलेली जास्वंद मे महिन्यात अशी तोंडघशी पडते.

तीन तासांहून कमी ऊन भरलं, तर इथंच थांबून मनी प्लँटकडे परत जावं. त्यात कमीपणा नाही. अर्थात तुम्ही जाणार नाही. जास्वंद सावलीत मरत नाही, हीच तिची मोठी अडचण. मेली असती तर निदान विषय मिटला असता. ती जगते, उंच होते, पानं गडद हिरवी आणि मोठी करते, ग्रिलमधून मान बाहेर काढून उजेडाच्या दिशेनं वाकते आणि फूल मात्र देत नाही. मग घरातले सगळे तिला काय कमी पडतंय याचा विचार करू लागतात. पुढच्या बऱ्याच पायऱ्या त्या विचारातून निघाल्या आहेत.

पायरी दुसरी: रोप निवडा

पुण्याकडचे लोक यासाठी सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनला जातात. तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्या आहेत आणि हातभर रोपांना पंजाएवढी फुलं लागलेली आहेत. ती सगळी रोपं उघड्या रानात दिवसभर ऊन खात उभी असतात, इकडे कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष फुलाच्या रंगाकडे असतं.

जाती थोडक्यात अशा. एकेरी लाल देशी: काटक, पूजेला चालणारी, आणि म्हणूनच साधी समजली जाणारी. डबल: पाकळ्यांची गर्दी. झुंबर: झालरीच्या पाकळ्या, फूल खाली लोंबणारं. हायब्रिड, जिला इतर राज्यांतले नर्सरीवाले ‘पुणे व्हरायटी’ म्हणून विकतात: एकाच फुलात तीन-तीन रंग, पण किडीला आणि साचलेल्या पाण्याला लवकर बळी पडणारी. शिवाय मिरची जास्वंद. हिचं फूल कधीच पूर्ण उघडत नाही. मिटलेलंच लोंबतं आणि मिटलेलंच गळतं. नवशिके ते उमलायची वाट पाहतात. पाहू नये.

नर्सरीत होणारा संवाद ठरलेला असतो.

“दादा, याला फुलं येतात ना?”

“आलीयेत की ताई, बघा ना.”

“तसं नाही. घरी नेल्यावर येतील का?”

“ऊन आहे ना घरी?”

“हो, भरपूर!”

हे उत्तर देताना आजवर कुणाचीही जीभ अडखळलेली नाही.

नवशिक्यांनी देशी लाल घ्यावी. घरी येताना गाडीत मात्र हायब्रिडच असेल, म्हणून पुढच्या सूचना तिलाही लागू पडतील अशा लिहिल्या आहेत.

पायरी तिसरी: कुंडी आणि माती

रोप लावण्यापूर्वी त्याची प्लास्टिकची पिशवी काढावी. हे लिहावं लागतं. मुळांभोवतीचा चिकणमातीचा गोळा फोडू नये, पण कडेनं बोटांनी थोडा मोकळा करावा. नाहीतर मुळं त्या गोळ्यातच घुटमळत राहतात आणि बाहेरच्या महागड्या मातीला ओळखही दाखवत नाहीत.

दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. देशावरची नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. भोकावर एक खापरी ठेवावी, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी ठिबकतं म्हणून भोक बुजवू नये. जास्वंदीची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात. खाली ताटली ठेवावी आणि ती आठवणीनं रिकामी करावी. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला येणारे महापालिकेचे कर्मचारी दार उघडल्याबरोबर त्याच ताटलीकडे वळतात.

पायरी चौथी: पाणी

मातीत बोट दोन पेरं खुपसा. कोरडी लागली तर पाणी द्या, ओली लागली तर हात धुवून आत या. उन्हाळ्यात उघड्यावरच्या कुंडीला दोन वेळाही पाणी लागेल; पावसाळ्यात कित्येक दिवस मुळीच लागणार नाही. एवढंच शास्त्र आहे.

घरात मात्र माणसं चार असतात. बाबा सकाळी फिरून आल्यावर पाणी घालतात. आई पूजा झाल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी घालते. तांदूळ धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून आजी घालते. मुलाला पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी फोटो हवा असतो, म्हणून तोही घालतो. प्रत्येकाचा हेतू चांगला आणि प्रत्येकाचं माप बरोबर. चूक फक्त बेरजेत असते. मुळं गुदमरली की झाड माना टाकतं. पाणी कमी पडल्यावरही ते अशाच माना टाकतं. म्हणून चौघंही आणखी थोडं पाणी घालतात.

पिवळ्या पानांचं वाचन असं करावं. खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तर ते वयानं गेलं, शोक करू नये. एकदम बरीच पिवळी पडली तर बोट मातीत खुपसा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय; बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यावरच्या झाडांचं असं होतं.

पायरी पाचवी: खत

महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, वरची माती हलवून. पायरी संपली. पण तुम्ही इथं थांबणार नाही, म्हणून पुढचं.

चहाचा चोथा: धुवून आणि वाळवूनच घालावा. दूध-साखरेसकट गाळणीतून थेट कुंडीत उलटला, तर पहिल्या मुंग्या दुपारपर्यंत येतात. त्या मुंग्यांचं महत्त्व पुढच्या पायरीत कळेल.

अंड्याची टरफलं: विरघळायला फार वेळ घेतात. तोवर कुंडी पाहून शाकाहारी शेजारी काय समजायचं ते समजतात.

केळ्याची सालं: पालाश मिळतं, पण बारीक चिरून मातीआड करावीत. वर पसरली तर पालाशाआधी चिलटं येतात.

ताक, हिंगाचं पाणी, कांद्याच्या सालींचं पाणी: आठवड्यातल्या निरनिराळ्या वारी निरनिराळ्या मावश्यांच्या शिफारशीनं पडतात. कुठल्या दिवशी कशाचा गुण आला हे कळायचा मार्ग उरत नाही. झाड तगलं तर सगळ्याच मावश्या श्रेय घेतात.

रासायनिक दाणे: युरिया जास्त झाला की नुसती पानं माजतात. स्फुरद जास्त झालेलं जास्वंदीला मानवत नाही, तेव्हा गावाकडून आणलेलं डीएपी मूठमूठ घालू नये.

या सगळ्यात मूळ गोष्ट बाजूला पडते. झाड आपलं अन्न पानात शिजवतं आणि त्याची चूल उन्हावर पेटते. खत म्हणजे वरून घालायचं मीठ. चूल पेटलेलीच नाही आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकून जातोय, असं बाल्कनीतल्या बहुतेक जास्वंदींचं चाललेलं असतं.

पायरी सहावी: पाहुणे

एके सकाळी कळीच्या देठाशी पांढरं काहीतरी दिसेल. पहिल्या दिवशी तो कापूस वाटतो, दुसऱ्या दिवशी बुरशी. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून पाहिलं की त्या कापसाला पाय असल्याचं कळतं. हा पिठ्या ढेकूण. देठाच्या बेचक्यात, पानाच्या मागच्या शिरेशी, न उमललेल्या कळीच्या हिरव्या पाकळ्यांच्या आत तो दाटीवाटीनं बसतो, रस शोषतो आणि मागून गोड, चिकट पाणी सोडतो. बोट लावलं तर पान चिकट लागतं. त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि मोबदल्यात त्याची राखण करतात; त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. चहाच्या चोथ्यावर आपण ज्यांना जेवायला बोलावलं होतं, त्यांना आता इथं कायमची नोकरी लागलेली असते.

अंगावर मेणाचा थर असल्यानं नुसत्या फवाऱ्यानं तो भिजत नाही. म्हणून टूथब्रश. साबणाच्या पाण्यात बुडवून बेचक्याबेचक्यातून घासावा, फार माखलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकावा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागच्या बाजूनं फवारावं. आठवड्यानं पुन्हा. भेंडीची कुंडी जवळ असेल तर तीही तपासावी. भेंडी, कापूस आणि अंबाडी ही जास्वंदीचीच भावंडं असल्यानं पाहुणे सगळ्यांकडे उतरतात.

एक सावधगिरी. क्रिप्टोलेमस नावाचा एक चित्रांग भुंगेरा पिठ्या ढेकणांवरच जगतो, आणि त्याची अळी अंगावर तसंच पांढरं मेण घेऊन हिंडते. आकारानं जरा मोठा आणि चालीनं जरा चपळ ‘पिठ्या’ दिसला, तर ब्रश खाली ठेवावा. तो आपला माणूस आहे. नवशिके सर्वांत आधी त्यालाच मारतात, कारण तोच सर्वांत ठसठशीत दिसतो.

पायरी सातवी: छाटणी

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. फांदी कापली की तिच्याखालचे डोळे फुटतात, एकाच्या तीन फांद्या होतात आणि तितकी टोकं फुलतात. न छाटलेलं झाड काठीसारखं सरळ वर जातं, आणि त्याला आलंच तर एखादं फूल चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या हाताशी येतं.

धारदार कात्रीनं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप. फांदीचा एक-तृतीयांश भाग काढायला हरकत नाही. छाटणीनंतर फुलं यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते. तेव्हा उलटा हिशेब करून मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला कात्री हातात घ्यावी.

घ्यावी, पण घेतली जात नाही. “अगं, त्या फांदीला कळी आहे.” कळी नसते अशी वेळ येत नाही. “संकष्टी होऊन जाऊ दे, मग काप.” संकष्टी दर महिन्याला असते. घरातले सगळे बाहेर गेलेले असताना छाटणी उरकावी आणि संध्याकाळी आपणही त्यांच्याइतकंच चकित व्हावं.

पायरी आठवी: शरणागती

वर्षभर सगळं केल्यावर एक दिवस घरातलं कुणीतरी, शक्यतो ज्याला बागेत काडीचा रस नाही असं, म्हणतं, “याला ऊन नाही मिळत बहुतेक.” वाद घालू नये. कुंडी उचलून गच्चीवर किंवा खाली कंपाउंडच्या भिंतीशी न्यावी. गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते आणि वॉटरप्रूफिंगवर व्याख्यान ऐकावं लागतं. कंपाउंडला फक्त वॉचमनशी ओळख लागते.

सावलीतलं झाड एकदम भर उन्हात ठेवलं तर पानं करपतात. आठवडाभर सकाळचं ऊन दाखवून मग पूर्ण उन्हात न्यावं. जागा बदलल्यावर काही पानं आणि कळ्या गळतील. त्या वेळी मावश्यांना फोन करू नये.

यानंतर काहीही न करता फुलं येतात.

पायरी नववी: फूल आणि त्याचे हक्कदार

पहिलं फूल नीट बघून घ्या. शाळेत ज्याचा उभा छेद काढून गुण मिळवले होते तेच हे: पाच पाकळ्या, मधून लांब बाहेर आलेली नळी, तिच्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला मखमली पाच गुंड्या. फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाका. रत्नागिरीच्या काकूंचं उत्तर येईल: ‘छान. आमच्याकडे रोज टोपलीभर निघतात, गुरं खातात.’

आता हक्कदार. देवाचा पहिला. दुसरा केसांच्या तेलाचा. खोबरेल उकळून ठेवलेल्या शेजारणीला पानंही चालतात. तिसरा शिंजीर पक्ष्याचा, जो फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो आणि निघून जातो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. चौथा सकाळी सहाला पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन फिरायला निघणाऱ्या काकांचा.

“काका, ही फुलं आमची आहेत.”

“अहो, देवालाच तर नेतोय.”

या वाक्यावर मराठीत अजून उत्तर निघालेलं नाही. मलेशियानं १९६० साली जास्वंद हे राष्ट्रीय फूल ठरवलं; आपल्याकडे ते सार्वजनिक आहे.

उपाय म्हणून टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळीच काढून वाटीत ठेवाव्यात. त्या रात्रीतून आपोआप उमलतात, पाणीही लागत नाही. आणि झाडावर ठेवा की वाटीत, देशी जास्वंदीचं फूल तसंही त्याच संध्याकाळी मिटतं. त्यामुळे साठवून ठेवण्याचा मोह इथं चालत नाही. दहा आली तर त्याच दिवशी दहा लागतात, आणि आपल्या घरी देव मोजकेच असतात.

शंकासमाधान

*झाड पाच फूट झालं, पानं तजेलदार आहेत, फूल नाही.*
पायरी पहिली.

*पायरी पहिली वाचली. दुसरं काही सुचवा.*
पायरी आठवी.

*कळ्या धरतात पण उमलण्याआधी गळतात.*
पाणी कधी खूप, कधी मुळीच नाही, असं होत असेल. किंवा कुंडी सारखी हलवली जात असेल. किंवा कळीत बारीक कीड असेल. गळलेली कळी चिरून पाहावी.

*बी का धरत नाही?*
बागेतली जास्वंद सहसा धरत नाही. तिची रोपं फांदीपासून करतात.

*मग छाटलेल्या फांद्यांचं काय करावं?*
पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पाच-सहा इंचांच्या काड्या घ्याव्यात. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढावीत आणि पावसाळ्यात ओलसर, निचऱ्याच्या मातीत निम्म्या खोचून सावलीत ठेवाव्यात. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. त्यातलं सर्वांत जोमदार रोप कुंडीसकट त्या काकांना भेट द्यावं.

*दिलं. काका खूश झाले. त्यांनी ते घरात टीव्हीशेजारी ठेवलं आहे आणि फुलत का नाही म्हणून रोज विचारायला येतात. खरं सांगावं का?*
सांगायला हरकत नाही, पण परिणाम ध्यानात घ्या. ते चोथा, टरफलं आणि ताक यांच्या मार्गानं गेले तर वर्षभर तुमची फुलं नेत राहतील. ऊन लागतं असं सांगितलंत तर ते कुंडी उचलून खाली आणतील आणि तुमच्या कुंडीशेजारीच ठेवतील, कारण ऊन तिथंच आहे. मग रोज सकाळी सहाला तुम्हा दोघांनाही खाली उतरावं लागेल: आपापल्या देवासाठी, दुसऱ्याच्या झाडाची फुलं काढायला.